काचेवरची वाफ

"प्रोफे, तिथंच थांबा. आत येऊ नका अजून."

उंबऱ्यात टाकलेलं पाऊल मी मागं घेतलं. दोन्या बासिलिया, आमची भट्टीवाली बाई, पहिल्या रांगेतल्या बाकावर उभी होती. हॅट आणि चपला खाली काढून ठेवलेल्या, हातात बोरूची काठी. काठीचं टोक ती वर्गाच्या नव्या छताला लावायची, एकदाच हलकं ठोकायची आणि मान तिरकी करून ऐकत राहायची. मग बाकावरून उतरायची, बाक दोन हात पुढं ओढायची, पुन्हा चढायची.

"काय ऐकताय एवढं?" मी दारातूनच विचारलं.

"तुम्हीच सांगा, तुम्हाला काय ऐकू येतंय?"

तिनं दाराजवळच्या कोपऱ्यात ठोकलं. रिकाम्या घागरीवर टिचकी मारावी तसा स्वच्छ आवाज आला. मग खिडकीकडच्या बाजूला जाऊन ठोकलं. तिथून आवाज असा आलाच नाही. पिठाच्या पोत्यावर थाप बसावी तसं काहीतरी झालं आणि चिमूटभर पांढरी भुकटी तिच्या वेणीवर पडली.

"ओलं असेल अजून," मी म्हणालो. "पाऊस कुठं उघडीप देतोय?"

"असेल." ती खाली उतरली. "पोरं कधी यायचीत?"

"सोमवारी. नगराध्यक्ष येणार, फीत कापणार, आणि मग शाळा सुरू."

"आज गुरुवार." तिनं बोटं मिटली, उघडली. "किती पोरं यंदा?"

"तेवीस."

तिनं पायानं चाचपत चपला शोधल्या, हॅट घातली आणि बाहेर पडली. जाताना तिचा खांदा माझ्या दंडाला जोरात लागला, तरी ती थांबली नाही. विचारात असेल, असं मला वाटलं.

मी आत गेलो. आदल्याच दिवशी ओल्या फडक्यानं पुसलेले बाक दुधावर साय धरावी तसे पांढरे झाले होते. दाराकडच्या बाकांवर ती साय पातळ होती. खिडकीकडच्या बाकावर बोट फिरवलं तर रेघ उमटली.

हे छत आम्हाला किती वर्षांनी मिळालं होतं, ते सांगायला हवं. युराक्पाताच्या शाळेवर नुसता पत्रा होता. गारा पडल्या की पत्रा असा वाजायचा की मी बोलणं सोडून फळ्यावर लिहायचो, आणि मुलं कानात बोटं घालून वाचायची. आमच्याकडे हिवाळा जूनमध्ये, तेव्हा शाईच्या दौती गोठायच्या. सहा वर्षं पालकांच्या सभेत छताचं बोलणं निघायचं आणि चहाबरोबर संपायचं. यंदा मात्र गावानं मनावर घेतलं. पुरुषांनी नदीकाठचे बोरू कापून आणले, बायकांनी त्यांच्या चटया विणल्या, त्या चटया तारेनं वाशांना टांगल्या आणि खालून त्यांवर दोन बोटं जाड प्लॅस्टर चढवलं. हे काम माएस्त्रो एवारिस्तोचं. आमच्या भागातल्या पाच गावांत त्याच्यासारखा गवंडी नव्हता, आणि ही गोष्ट पाचही गावांना तो स्वतःच सांगत असे. प्लॅस्टर दिलं दोन्या बासिलियानं. सगळं. फुकट. तिला मूलबाळ नव्हतं. एवारिस्तोच्या थोरलीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनं हातावर धरलं होतं. तेव्हापासून ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोम्पाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावंडांपेक्षा जड असतं. भावाशी भांडता येतं, कोम्पाद्रेशी नाही.

गावामागचा सगळा डोंगर पांढऱ्या मऊ दगडाचा आहे, जिप्समचा. नखानं ओरखडा निघेल इतका मऊ. चौथीच्या मुलांना मी दर वर्षी एक गंमत दाखवतो. सार्डिनच्या रिकाम्या डब्यात या दगडाचा कोरडा खडखडीत चुरा घेतो, डबा निखाऱ्यावर ठेवतो आणि वर थंड ताटली धरतो. थोड्या वेळानं ताटलीच्या पोटाला थेंब लोंबायला लागतात. मुलं ओरडतात, "प्रोफे, दगडाला घाम आला!" मग मी सांगतो, की पाच मुठी दगड घेतला तर त्यातली एक मूठ पाणीच असतं. ओलं न दिसणारं, दगडाच्या अंगात चिणून बसलेलं. कोणी ना कोणी दगड चाटून बघतो आणि मला खोटं पाडतो.

हे पाणी किती घालवायचं, यातच भट्टीवालीचं सगळं कसब. चार हिश्शांपैकी तीन हिस्से पाणी गेलं आणि एक उरलं, की दगडाचं पीठ होतं, आणि ते पीठ पाण्यासाठी आसुसलेलं असतं. त्यात पाणी घाला, शिजलेले बटाटे सोलून होईतो ते पुन्हा दगड होऊन बसतं. आच कमी पडली तर आत कच्चा दगड राहतो. आच जास्त झाली तर उरलेलं पाणीही निघून जातं, आणि तशीच आच देत राहिलं तर ते पीठ पाण्याला ओळख दाखवत नाही. आमच्याकडे त्याला मेलेलं प्लॅस्टर म्हणतात. दिसायला तेच. तितकंच पांढरं. पोत्यात भरलेलं असताना मेलेलं कुठलं आणि जिवंत कुठलं, कोणालाही सांगता येणार नाही.

दोन्या बासिलिया हे काम एकतीस वर्षं करत होती. तेलाचं पिंप उभं कापून केलेली मोठी कढई, खाली थोला झुडपांची आग, हातात लाकडी दाताळं. चुरा तापला की मक्याच्या लापशीसारखा रटरटायचा, बुडबुडे फुटायचे, मग हळूहळू शांत व्हायचा. तेव्हा ती खिडकीच्या तावदानाचा एक तुकडा चिमट्यात धरून कढईवर न्यायची. काच धुरकटली, तर अजून पाणी निघतंय. काच स्वच्छ राहिली, की आग ओढायची. हे तिला तिच्या नवऱ्यानं शिकवलेलं. तो खाणीत उतरला तो पुन्हा वर आला नाही. भट्टी हिनं चालवली. तिच्या पोत्याचं तोंड उघडून बघायची पद्धत पाचही गावांत नव्हती. बासिलियाचं आहे म्हटलं की संपलं.

शुक्रवारी सकाळी मी तिच्याकडे गेलो. भट्टी थंड होती. कढईवर पत्रा ओढलेला. ती अंगणात एका पोत्यापाशी बसली होती, समोर मातीची परात.

"आलात? बरं झालं. घड्याळ आहे ना हाताला?"

"आहे."

"मग वेळ बघा." तिनं पोत्यातलं चार मुठी पीठ परातीत घेतलं, पाणी ओतलं आणि हातानं कालवलं. "शाळेच्या छतातलं उरलेलं आहे हे. परवा कोंबड्यांच्या खुराड्याची भेग बुजवायला घेतलं. रात्री लावलं, सकाळी कोंबड्यांनी टोचून खाल्लं."

आम्ही बसून राहिलो. तिनं मला चघळायला कोकाची पानं दिली. समोरच्या खिंडीतून ढग खाली उतरत होते आणि डोंगराचा पांढरा उतार मळका दिसत होता.

"किती झाली?"

"पंधरा मिनिटं."

तिनं बोट बुडवलं. बोट बाहेर आलं ते दह्यात बुडवल्यासारखं.

"आता?"

"अर्धा तास."

पुन्हा बोट. तसंच. पंचेचाळीस मिनिटांनी तिनं परात कलती केली, तर सगळा लगदा सावकाश एका काठाशी गोळा झाला.

"मेलंय," ती म्हणाली. आजाऱ्याच्या घरी जाऊन आल्यावर सांगतात, तशा आवाजात.

"सगळंच?"

"पाच दिवस भाजलं मी. पहिल्या दोन दिवसांचं चांगलं होतं, लख्ख उन्हात काच दिसली होती, ते दाराच्या बाजूला लागलंय. पुढच्या तीन दिवसांचं..." तिनं हात पुसले. "प्रोफे, कढईतला चुरा शांत झाला होता हो. हाताला कळलं होतं मला. दाताळं हलकं चालायला लागलं होतं. पण काच धुरकट होती. मी म्हटलं, हात दमलाय, त्याला घरी जायची घाई झालीय. आमचे हे सांगायचे, हाताचं ऐकू नको, काचेचं ऐक. म्हणून आणखी झुडपं घातली. तरी काच धुरकट. आणखी घातली. दुपारी ओढायची आग मी दिवस मावळेपर्यंत पेटती ठेवली. तिन्ही दिवस."

ती उठून घरात गेली आणि काचेचा तुकडा घेऊन आली. जाड घागऱ्याला तिनं तो दोन्ही बाजूंनी खसखसून पुसला आणि आभाळाकडे धरला.

"बघा. धुरकट आहे?"

"नाही."

"नीट बघा."

"अगदी स्वच्छ आहे, दोन्या बासिलिया. पलीकडचं झाड दिसतंय मला."

तिनं काच खाली केली. मग उजव्या डोळ्यावर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं, नंतर डाव्या. तेव्हा मी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत नीट बघितलं. दोन्ही बुबुळांवर राखाडी पडदा होता. उजव्यावर जाड, डाव्यावर नवा.

"उजवा जाऊन दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "डावा नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणापासून. मला वाटायचं, धूर आहे. भट्टीवर धूर असतोच ना."

मी विचारलं, "आता छताचं काय होईल?"

"तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा."

खरं तर मला ठाऊक होतं. मेलेलं प्लॅस्टर कायमचं मेलेलं नसतं. हवेतली, पत्र्यावरून झिरपलेली ओल ते पीत राहतं, मुंगीच्या पावलानं. पण ते जाग येताना फुगतं. फुगलं, की चटईची पकड सोडतं. आणि फेब्रुवारीतल्या ऐन पावसाळ्यात आमच्याकडे ओलीला तोटा नसतो.

"किती दिवस टिकेल?" मी विचारलं.

"ते मेलेलं मला कुठं सांगतंय?" ती म्हणाली. "आधी कोम्पाद्रेच्या कानावर घालते. चार लोकांत नको. छताला त्याचा हात लागलाय. उद्या सकाळी जाते."

पण शनिवारी सकाळी एवारिस्तो घरी नव्हता. तो शाळेत होता. निम्मा गावच शाळेत होता. पालक-मंडळाचा प्रमुख सेवेरो तार्की यानं नगराध्यक्षांसमोर करायच्या नाचाची तालीम ठेवली होती, आणि बाहेर भुरभुर पाऊस म्हणून तालीम वर्गात. वर्गाची किल्ली माझ्या खोलीबाहेरच्या खिळ्यावर असायची, ती त्यानं घेतली होती. मी खालच्या गावातून पाव घेऊन परतलो तेव्हा बाक भिंतीला लावले होते, चारांगोच्या तारांवर ठेका चालू होता, आणि तेवीसच्या तेवीस मुलं ओळीनं टाचा आपटत होती. बायका खुर्चीवर चढून छताला रंगीत कागदाच्या माळा चिकटवत होत्या.

टाच आपटली की खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात पांढरं काहीतरी उतरायचं. मुलींच्या काळ्या केसांवर ते दिसत होतं. लहानगी प्रिमितीवा तोंड वर करून जीभ बाहेर काढत होती.

"सेवेरो," मी म्हणालो, "मुलांना बाहेर काढा."

"प्रोफे, पाऊस आहे."

"असू द्या. काढा."

"एक फेरी राहिलीय फक्त. ए, थांबू नका रे! हात वर!"

तेवढ्यात दारात दोन्या बासिलिया उभी राहिली. पावसानं हॅट भिजलेली. तिनं ठेका ऐकला, टाचा ऐकल्या. तिला धूळ दिसली नसणार, पण घशाला लागली असावी, कारण ती खोकली. मग ती सरळ नाचणाऱ्या मुलांच्या ओळीत शिरली.

"बाहेर व्हा," ती म्हणाली. "सगळे. चला, पोरांनो. खिडकीकडची आधी."

चारांगो थांबला.

"काय झालं, दोन्या?" सेवेरो हसत म्हणाला. "नाच आवडला नाही?"

"हे प्लॅस्टर मेलेलं आहे. मीच मारलंय. माझे डोळे गेलेत आणि मी कोणाला सांगितलं नाही. तीन दिवस जास्त आच दिली. हे पडणार."

चार लोकांत नको म्हणणाऱ्या बाईनं चाळीस लोकांत सांगितलं. मुलांना मी हातानं बाहेर ढकलत होतो. ती पावसात खिदळत पळाली. एवारिस्तो चारांगोवाल्याच्या शेजारून उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"कोमाद्रे, तुम्ही दमलायत. घरी जा."

"कोम्पाद्रे, मी काल परातीत कालवून बघितलं. प्रोफेंच्या घड्याळावर."

"परातीत काय बघायचंय? छत वर आहे की! वर बघा! चौदा दिवस झाले, लटकतंय की नाही?" तो दाराजवळच्या कोपऱ्यात गेला, खुर्चीवर चढला आणि मूठ उगारून छताला एक ठोसा लगावला. घागरीसारखा स्वच्छ आवाज आला. दुसरा लगावला. "ऐका! सगळ्यांनी ऐका! हे एवारिस्तो कोल्केचं काम आहे. माझ्या आयुष्यात माझं एक छत खाली आलेलं नाही."

"मग खिडकीकडं ठोका," ती म्हणाली.

"कुठंही ठोकीन!" पण तो ठोकायला गेला नाही. बायकांनी लावलेल्या माळा तिकडं होत्या. त्यांच्याकडे हात दाखवून तो म्हणाला, "आता त्या तोडू का? सकाळपासून लावतायत बिचाऱ्या."

कोणीतरी हसलं. त्यानं सगळ्यांनाच मोकळं झाल्यासारखं वाटलं.

"म्हातारीला नगराध्यक्षांसमोर भाषण करायचं असेल," मागून एकजण म्हणाला.

"डोळे गेले तर गेले, जीभ आहे ना शाबूत."

सेवेरोनं हात वर केला. "हे बघा, दोन्या, तुमचा मान आहे. पण सोमवारी पाहुणे येतायत. शहरातून फोटोवाला येतोय. सोमवार जाऊ द्या. मंगळवारी आपण सगळे मिळून बघू. काय, माएस्त्रो?"

"मंगळवारी बघू," एवारिस्तो म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"सोमवारी पोरं कुठं बसणार?" तिनं विचारलं.

"वर्गात. आणखी कुठं?"

बासिलिया दारात जाऊन उभी राहिली. तिनं दोन्ही हात चौकटीला लावले. ती उंच नव्हती. तिच्या काखेखालून एखादं मूल सहज आत गेलं असतं. पण गेलं नाही.

"शाळेची किल्ली माझ्याकडे राहील," मी म्हणालो. "सोमवारी वर्ग अंगणात भरेल. पाऊस असला तर माझ्या खोलीत भरेल. नगराध्यक्षांना मी सांगेन."

"तुम्ही पण, प्रोफे?" सेवेरो म्हणाला. मग तोंडातल्या तोंडात बरंच काही म्हणाला. लोक पांगले. जाताना लोक तिच्या हाताखालून वाकून गेले. एका बाईनं जिन्नस परत करावा तसं म्हटलं, "आमच्या न्हाणीघराला तुमचंच प्लॅस्टर आहे, दोन्या." बासिलिया म्हणाली, "ते मागच्या वर्षीचं. ते चांगलं आहे." बाईनं ऐकलं नसावं.

एवारिस्तो सगळ्यांत शेवटी गेला. दाराशी तो क्षणभर थांबला. तिनं चौकटीवरचा हात काढून त्याला वाट दिली.

मी शाळेच्याच मागच्या खोलीत राहत असे. रविवारी उजाडताच वर्गाची कडी वाजली. खिडकीबाहेर एवारिस्तो शिडी घेऊन उभा होता.

"किल्ली द्या," तो म्हणाला. डोळे तांबारलेले होते.

आत जाऊन त्यानं शिडी खिडकीकडच्या भिंतीला लावली, वर चढला, आणि कागदाची एक माळ अलगद बाजूला केली. करणीचं टोक त्यानं छतावर टेकवलं. जोर लावावा लागलाच नाही. वरची पापुद्र्याएवढी कातडी कडक होती. तिच्या आत करणी थेट चटईपर्यंत गेली. त्यानं ती बाहेर काढली तर मागून पीठ ओघळायला लागलं आणि ओघळतच राहिलं.

तो वरूनच बोलला. माझ्याशी नाही, भिंतीशी.

"तिसऱ्या दिवशी बसत नव्हतं ते. मला कळलं होतं. थंडीनं असेल म्हटलं. लवकर बसावं म्हणून मीठ घातलं. माझ्याकडचं जुनं चार पोती होतं, ते मिसळलं. मग वरून बसलं. कोमाद्रेला विचारायला हवं होतं. पण तिचं पोतं उघडून बघायचं कसं, सांगा? एकतीस वर्षांत कोणी बघितलं नाही."

"तिला बोलावू?"

"मीच आणतो."

तो तिला हाताला धरून घेऊन आला. दोघं वाटेत काय बोलली, मला माहीत नाही. बहुतेक काहीच नाही. एवारिस्तोचा बेत असा होता, की खिडकीकडच्या टोकापासून एकेक चटई सोडवायची, दोरीवर तोलून खाली घ्यायची. दोरीचं दुसरं टोक दाराबाहेर मी आणि बासिलियानं धरायचं. त्यानं शिडी भिंतीतल्या पुरुषभर उंच, खोल कोनाड्यात घट्ट रोवली, वाशावर दोरी टाकली आणि पहिली तार पक्कडीत धरली.

"कोमाद्रे, दोरी ताणा."

"ताणली."

तार तुटली. त्याच्या शेजारची त्यानं तोडली नव्हती, तीही तुटली. मग आम्हाला बाहेर एका पाठोपाठ एक तारा सुटल्याचे आवाज ऐकू आले, कोणी घाईनं बटणं तोडावीत तसे. दोरी आमच्या हातांतून सणकन निघून गेली. मोठा धडाका झाला नाही. भरलेली पोती गाडीवरून एकदम ढकलावीत तसा एक बसका आवाज झाला, जमीन पायाखाली हलली, आणि दारातून पांढरा लोट बाहेर आला. त्यात काहीच दिसेना.

"कोम्पाद्रे!" ती ओरडली. "एवारिस्तो! ए एवारिस्तो!"

इतक्या वर्षांत तिनं त्याला नुसत्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

बऱ्याच वेळानं आतून खोकला आला. तो कोनाड्यात शिडीला चिकटून उभा होता, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, कपाळावर एक लाल रेघ. दाराकडचा तिसरा हिस्सा अजून वर लटकत होता. बाकीचं सगळं एका तुकड्यात खाली आलं होतं, चटई, प्लॅस्टर, कागदाच्या माळा. आणि भिंतीला लावलेले बाक मी आदल्या संध्याकाळी सवयीनं जागेवर मांडले होते.

खिडकीकडच्या पहिल्या बाकाचे दोन तुकडे झाले होते. त्याच्या मागच्यानं पाय मुडपून बसकण मारली होती. कुठल्या बाकावर कोण बसतं ते मला पाठ होतं. ते मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही, नंतरही त्यांच्या आयांना सांगितलं नाही.

बासिलिया आत आली. तिनं खाली बसून एक ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं आणि मूठ उघडली. बोटांच्या फटींतून सगळं गळून गेलं. तळहातावर बोरूची एक काडी राहिली.

दुपारपर्यंत सगळं गाव आलं. सेवेरो आला. तो बराच वेळ त्या बाकाकडे बघत उभा राहिला आणि मग फावडं घेऊन कामाला लागला. बायकांनी टोपल्या भरभरून ढीग नदीकडे नेला. एवारिस्तो कपाळाला फडकं बांधून उरलेला हिस्सा उतरवत होता. बासिलियाच्या हातातून मात्र कोणीतरी टोपली काढून घेतली. "बसा तुम्ही, दोन्या." तिनं दिली. त्यात राग नव्हता, पण तिला काम द्यायचं नाही हे ठरलेलं होतं. संध्याकाळी दोघंजण तिच्या अंगणात जाऊन उरलेली पोती उचलून घेऊन गेले. पोत्यांची तोंडं त्यांनी तिथंच उघडून बघितली.

सोमवारी पाऊस नव्हता. नगराध्यक्ष दीड तास उशिरा आले, उघड्या पत्र्याखाली फीत कापली, प्रगतीवर बोलले आणि वर बघून म्हणाले, "छत लवकरच होईल, असा माझा शब्द आहे." टाळ्या पडल्या. फोटोवाल्यानं फोटो काढला. मुलं अंगणात नाचली आणि पाहुणे निघून गेले.

मग मी बाक अंगणात मांडले. दोन कमी पडत होते, तिथं फळी टाकली. पालक घरी जायला निघाले होते. दोन्या बासिलिया अंगणाच्या बुटक्या भिंतीवर बसून होती. तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार हात जागा मोकळी होती. नंतर एवारिस्तो येऊन तिच्या शेजारी बसला.

मी हजेरीची वही उघडली. रोजच्यापेक्षा जरा मोठ्यानं, जरा सावकाश नावं घेतली.

"ग्रोवेर आनाग्वा."

"हजर!"

"रोस्मेरी काल्ये."

"हजर!"

बासिलियानं मान खाली घातली होती. प्रत्येक उत्तराला तिचा अंगठा एका पेरावरून पुढच्या पेरावर सरकत होता. सेनोबिया. एदिल्बेर्तो. मारुहा. कोल्केंची दोन. बावीस झाली.

"प्रिमितीवा उआंका."

उत्तर आलं नाही. अंगठा थांबला.

"प्रिमितीवा?"

बासिलिया उभी राहिली. तिचा चेहरा फळीच्या दिशेनं वळला, मग दुसरीकडे, मग वर्गाच्या दाराकडे. एवारिस्तोही उठला.

"ती आहे, प्रोफे!" मुलं ओरडली. "तिच्या तोंडात पाव आहे! एवढा मोठा!"

हशा पिकला. गाल फुगवलेल्या प्रिमितीवानं घास कसाबसा गिळला. "हजर," ती म्हणाली आणि तिला उचकी लागली.

मी वहीत खूण केली. एवारिस्तोनं बासिलियापुढं हात केला. तिनं मानेनंच नको म्हटलं, हॅट नीट केली आणि भिंतीवर तळहात ठेवून घराकडे चालायला लागली. मी फळ्यावर तारीख लिहिली. वळून पाहिलं तेव्हा ती भिंतीच्या टोकाशी पोचली होती. तिथं ती थांबली, पायानं पुढची जमीन चाचपली, आणि मग तिनं भिंतीवरचा हात सोडला.